हरवले-सापडले: डिस्कच्या हिशेबाची गोष्ट

लिनक्सवर चालणाऱ्या अनेक कॉम्प्युटरांच्या डिस्कवर 'लॉस्ट+फाउंड' नावाचा एक फोल्डर असतो. तो आपण बनवलेला नसतो आणि आत बहुधा काहीच नसतं. पण डिस्कवर अपघात झाला, की कधीकधी याच फोल्डरमध्ये फाइली येऊन पडतात. त्यांना नाव नसतं, नुसता नंबर असतो. मजकूर शाबूत असतो, पण ती फाइल कुठल्या फोल्डरातली आणि तिचं नाव काय, हे सांगणारी नोंदच उरलेली नसते.

असं का होतं? फाइलचे तुकडे, म्हणजे ब्लॉक, डिस्कवर कुठेही विखुरलेले असू शकतात. कुठली फाइल कुठल्या ब्लॉकांत आहे, तिचं नाव कुठल्या फोल्डरात लिहिलंय, कुठले ब्लॉक रिकामे आहेत, याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. हा हिशेब म्हणजे फाइल सिस्टिम. गोम अशी, की एक फाइल सेव्ह करताना या हिशेबात चार ठिकाणी बदल करावे लागतात आणि ते एका क्षणात होत नाहीत. दोन नोंदी झाल्या आणि तिसरीच्या आधी वीज गेली, तर हिशेब जुळत नाही. एखादा ब्लॉक फाइलच्या नावावरही असतो आणि रिकाम्या यादीतही. मग पुढची फाइल बिनदिक्कत त्याच ब्लॉकवर लिहिली जाते आणि आधीच्या फाइलचा मजकूर जातो. डिस्क धडधाकट असूनही फाइल सिस्टिम 'करप्ट' होते, ती अशी.

1969 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. सुरुवातीच्या युनिक्सवर हिशेब तपासायला 'आयचेक', 'डीचेक' असे छोटे प्रोग्राम होते. ते चूक दाखवत, पण ती दुरुस्त करायला जाणकार माणूस लागे. 1970च्या दशकात टेड कोवाल्स्की यांनी 'एफएससीके' हा प्रोग्राम लिहिला. तो पाच टप्प्यांत सगळी डिस्क तपासायचा, प्रत्येक गडबडीवर 'दुरुस्त करू का?' असं विचारायचा आणि बेवारस फाइली 'लॉस्ट+फाउंड'मध्ये आणून ठेवायचा.

अकरावीला कॉमर्स घेतलेल्यांना तेरीज आठवत असेल. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात का, हे ती बघते. एफएससीके म्हणजे डिस्कची तेरीजच. तिची मर्यादाही तीच. हिशेब जुळला पाहिजे, एवढंच तिला कळतं. कुठली फाइल तुमच्या प्रबंधाची आणि कुठली टाकाऊ, हे तिला कळत नाही. दोन नोंदींत भांडण असेल, तर एक खोडून ती मोकळी होते.

पुढची सुधारणा बर्कलीच्या विद्यापीठात झाली. 'सुपरब्लॉक' नावाच्या ब्लॉकमध्ये अख्ख्या फाइल सिस्टिमची मूळ माहिती असते. तोच गेला तर पुढचं काही वाचता येत नाही. कर्क मॅकक्युसिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या रचनेत त्याच्या अनेक प्रती ठेवल्या, त्याही डिस्कच्या वेगवेगळ्या चकत्यांवर पडतील अशा बेताने. एक चकती पूर्ण खराब झाली, तरी दुसरीवर प्रत शिल्लक.

मग डिस्क मोठ्या होत गेल्या. हिशेब वाढला तशी तेरीजही लांबली. मोठ्या सर्व्हरवर वीज येऊनही काम सुरू व्हायला तास जाऊ लागले. यावरचा उपाय डेटाबेसवाल्यांकडे आधीपासून होता: काय बदलणार आहोत ते आधी एका जागी क्रमाने लिहायचं, मग मूळ हिशेबात हात घालायचा. मध्येच वीज गेली, तर तेवढं पान वाचून काम पुरं करायचं, नाहीतर सोडून द्यायचं. आपल्या व्यापाऱ्याची रोजकीर्द आणि खतावणी यांचं नातं हेच. या पद्धतीचं इंग्रजी नाव 'जर्नलिंग', आणि जर्नलला आपल्या पाठ्यपुस्तकात शब्द आहे रोजकीर्द! 1987 साली झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट हॅगमन यांनी सीडर फाइल सिस्टिमला ही रीत लावली आणि तासाभराची दुरुस्ती काही सेकंदांवर आली. 1990मध्ये आयबीएमने, 1993मध्ये मायक्रोसॉफ्टने एनटीएफएसमधून तीच वाट धरली. 2001मध्ये लिनक्सला स्टीफन ट्वीडी यांची ईएक्सटी3 मिळाली.

घरगुती कॉम्प्युटरवर मात्र विंडोज 98 आणि जर्नल नसलेली फॅट फाइल सिस्टिम होती. 2000च्या दशकात महाराष्ट्रात लोडशेडिंग रोजचं होतं. वीज परत आली, की निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सरकताना बघत बसायचं. त्यालाही बेवारस तुकडे सापडत आणि तो ते 'फाइल0000' अशा नावाने ठेवून देई. नाव वेगळं, फोल्डर तोच.

जर्नल आल्यावर सगळं सुरक्षित झालं असं वाटलं. 2009 साली तो भ्रम फिटला. नवी ईएक्सटी4 फाइल सिस्टिम वापरणाऱ्या काहींना कॉम्प्युटर अचानक बंद पडल्यावर आपल्या फाइली जागेवर दिसल्या, पण शून्य बाइटच्या. हिशेब चोख होता, मजकूर नव्हता. वेगासाठी ईएक्सटी4 मजकूर जास्त वेळ मेमरीत राखून ठेवत होती आणि जर्नल प्रामुख्याने हिशेबाची काळजी घेत होतं. तिचे एक प्रमुख कर्ते थिओडोर त्सो यांनी बाजू मांडली, की मजकूर डिस्कवर उतरलाच पाहिजे असं अ‍ॅपने स्पष्ट सांगायला हवं. तरीही त्यांनी नेहमीच्या प्रसंगांसाठी डागडुजी केलीच.

तुमच्या हातातल्या फोनमध्ये बहुधा ईएक्सटी4, एफ2एफएस किंवा अ‍ॅपलची एपीएफएस आहे. अचानक बंद पडण्यातून सावरायची सोय तिघींतही आहे. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डावर मात्र अजून बहुतेकदा फॅट32 किंवा एक्सफॅट असते. त्यांत जर्नल नसतं. म्हणून कॉपी चालू असताना कार्ड उपसणं म्हणजे 1998 सालात परत जाणं.

आणि डिस्क बिघडलीच, तर हा इतिहास एक कामाची गोष्ट सांगतो. दुरुस्तीचा प्रोग्राम हिशेब जुळवायला बांधलेला आहे, तुमच्या फोटोंना नाही. तो डिस्कवर लिहितो, खोडतो, आणि खोडलेलं परत येईलच असं नाही. म्हणून आधी जशी आहे तशी डिस्कची पूर्ण प्रत काढायची आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करून बघायची. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर ती बंद करून जाणकाराकडे न्यायची. बर्कलीच्या मंडळींनी डिस्क कधी बिघडणारच नाही असं धरलं नव्हतं. ती बिघडणार हे धरूनच त्यांनी प्रती वेगवेगळ्या चकत्यांवर ठेवल्या. आपल्या फोटोंची दुसरी प्रतही त्याच फोनमध्ये ठेवून भागत नाही.