संशयित, सेंट मेरी मीडमधील

अ‍ॅगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) यांच्या ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज’ (१९३०) या कादंबरीतील पात्रे. मिस मार्पल ही चौकस वृद्धा नायिका असलेली ही पहिली कादंबरी. सेंट मेरी मीड या काल्पनिक इंग्लिश गावात कर्नल प्रॉथरो धर्मगुरूंच्या अभ्यासिकेत, त्यांच्याच मेजाशी, गोळी लागून मेलेला आढळतो. त्याच्यावर खार खाऊन नसलेला माणूस गावात विरळा. याला मारणारा जगावर उपकारच करील, असे खुद्द धर्मगुरू क्लेमंट बोलून बसलेले! मिस मार्पलच्या हिशेबी संशयित सात.

खरी गंमत कबुलीजबाबांत आहे. चित्रकार रेडिंग आपण होऊन गुन्हा कबूल करतो, मागोमाग कर्नलची पत्नी अ‍ॅनही. पण तपशील जुळत नाहीत, म्हणून पोलीस दोघांनाही वगळतात. अभ्यासिकेतले घड्याळ मुद्दाम पंधरा मिनिटे पुढे ठेवलेले असते. इन्स्पेक्टर स्लॅक ते ऐकूनच घेत नाही. कर्नलची मुलगी लेटिस, चोरटा शिकारी आर्चर, तोतया पुरातत्त्वज्ञ स्टोन यांची गर्दी मात्र जरा जास्तच. पात्रे फार झाली, असे लेखिकेनेही आत्मचरित्रात म्हटले आहे. खुनी अखेर रेडिंग व अ‍ॅन हेच ठरतात.