जुनी डिझेल फोर-बाय-फोर घेताय? आधी फ्रेम बघा, इंजिन नंतर

उसाचे बिल खात्यावर आले की शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, आजरा भागात जुन्या जीपची चौकशी सुरू होते. वाडीवरचा रस्ता जूनमध्ये लाल चिखलात गेला की दुधाचे कॅन, खताची पोती आणि रात्री-अपरात्री आजारी माणूस खाली आणायचा तर चारही चाके ओढणारी गाडी लागते. २०२० नंतरची नवी थार सगळ्यांच्या खिशाला झेपत नाही. मग नजर जाते ती महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या जुन्या जीपवर, नाहीतर २०१० ते २०२० मधल्या थार डीआय किंवा सीआरडीईवर. दोन-तीन लाखांच्या पुढचा हा व्यवहार बऱ्याचदा अर्ध्या तासात, चहा पिता पिता उरकला जातो. तिथेच माणूस फसतो.

पहिली गोष्ट, गाडी खरोखर फोर-बाय-फोर आहे का? हसू नका. त्याच अंगाच्या टू-व्हील जीपही भरपूर निघाल्या आहेत आणि मोठे टायर, पुढे विंच लावली की ओळखू येत नाहीत. खाली वाकून बघा. पुढच्या हौसिंगला मागच्यासारखाच डिफरन्शियलचा गोळा पाहिजे आणि मधल्या ट्रान्सफर केसपासून पुढे जाणारा प्रोपेलर शाफ्ट पाहिजे. काही मालकांनी डिझेल वाचवायला किंवा आवाज येतो म्हणून हा शाफ्ट काढून ठेवलेला असतो. "घरात आहे, देतो नंतर" असे उत्तर आले तर तो बसवून, चालवून दाखवल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नका.

चासीची फ्रेम हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. इंजिन उतरवून करता येते, त्याचे सामान तालुक्याच्या गावात मिळते. कुजलेली फ्रेम मात्र दुरुस्त होत नाही, नुसती झाकली जाते. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या, सोबत बॅटरी आणि जाड स्क्रू-ड्रायव्हर ठेवा. पाटे जिथे फ्रेमला धरलेत ते हँगर, शॅकल, बॉडीचे माउंटिंग आणि मागचा आडवा मेंबर इथे मुठीने ठोका. घट्ट पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भद्द वाजतो आणि पापुद्रे सुटतात. खालून नवा काळा रंग मारलेला दिसला तर जास्तच ठोका. वेल्डिंगची पट्टी कुठे आहे का तेही बघा. फ्रेम मधून कापून जोडलेली असेल तर भाव करू नका, सरळ परत या.

कोकणातून वर आलेल्या गाड्यांना खाऱ्या हवेचा गंज असतो. दुसरा धोका महापुराचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर, सांगली, चिपळूण, महाड भागात किती गाड्या पाण्यात गेल्या ते सगळ्यांना माहीत आहे. सीटखालच्या कोपऱ्यात आणि हेडलाईटच्या आत गाळ आहे का बघा. गिअर बॉक्स आणि डिफरन्शियलचे झाकण-बोल्ट खोलून बोटाने तेल काढा. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, चमकी दिसली तर दात झिजलेत.

आता फोर-व्हीलची परीक्षा. ही डांबरी रस्त्यावर करू नये. या गाड्यांत पुढच्या-मागच्या धुऱ्यात मधला डिफरन्शियल नसतो, त्यामुळे डांबरीवर वळण घेतले की गाडी अडकल्यासारखी चालते आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. नांगरलेले रान किंवा नदीकाठची वाळू बघा. तिथे फोर-एच आणि मग थांबून फोर-एल टाका, एक माणूस बाहेर उभा करा. हळू ॲक्सिलरेटर दिला की पुढची चाकेही माती उकरताना दिसली पाहिजेत. फोर-एलमध्ये गिअर उडत असेल किंवा जोराची घरघर असेल तर ट्रान्सफर केसचे काम निघाले समजा, आणि ते काम स्वस्तात होत नाही. पुढच्या हबवर हाताने फिरवायचे लॉक असतील तर दोन्ही फिरतात का तेही पाहा. चारही टायर एकाच मापाचे हवेत.

मग जॅकवर पुढचे चाक उचला, वर-खाली धरून हलवा. खुळखुळ असेल तर बेअरिंग किंवा किंगपिन गेलीय. हँडब्रेक न लावता, चाकांना दगड लावून, गाडी न्यूट्रलला ठेवून शाफ्ट हाताने फिरवा. क्रॉसची ढिलाई लगेच कळते. हे सुटे भाग स्वस्त आहेत, भाव पाडायला उपयोगी.

इंजिन मात्र थंड असताना बघायचे. मालकाला "येतोय" म्हणून आधी फोन केला की तो गाडी गरम करून ठेवतो, म्हणून बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. थंडीत थोडा पांढरा धूर चालतो. निळा धूर राहिला तर इंजिन ऑइल जळतेय. चालू इंजिनवर ऑइलचे झाकण उघडा. तिथून जोरात धूर फुसफुसत असेल तर लायनर-पिस्टन थकले. रेडिएटर थंड असतानाच उघडा, पाण्यावर तेलाचा तवंग नको.

कागदांत लोक सगळ्यात जास्त अडकतात. आरसीवरचा चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या ठोकलेल्या नंबराशी स्वतः जुळवा. इंजिन बदललेले असेल आणि आरसीवर जुनेच असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो बेकायदा बदल ठरतो आणि पासिंगला गाडी अडते. पंधरा वर्षे झाली की खासगी गाडीचे नोंदणी नूतनीकरण ५ वर्षांसाठी करावे लागते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. हे कोण भरणार ते इसार देण्याआधी ठरवा. दिल्ली, हरियाणा पासिंगची जीप स्वस्तात दिसली तर कारण समजून घ्या. राजधानी परिसरात १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर २०१५ सालीच निर्बंधाचा आदेश आला, म्हणून त्या इकडे येतात. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात नसेल तर पैसे देऊ नका.

बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र, मूळ मालक वारला असेल तर वारसाच्या नावे फॉर्म ३१ आधी. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावरच उरलेली रक्कम द्या, आणि १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घ्या.