नवी शेळी जुन्यात सोडण्याआधी : 21 दिवसांमागचा इतिहास



सुगी झाली, सोयाबीनचे चार पैसे हातात आले की आपल्या भागात शेळ्यांची खरेदी सुरू होते. कुणी बचत गटाचं कर्ज काढून दोन शेळ्या आणतं, कुणाला योजनेतून 10 शेळ्या आणि 1 बोकड मिळतो. मग ठरलेला प्रश्न येतो. "नवी शेळी लगेच जुन्यात सोडली तर चालंल का?"

उत्तर एका ओळीचं आहे. 21 दिवस सोडू नका. पण एका ओळीचं उत्तर कुणाला पटत नाही. "आमच्या आजोबानं कधी असलं केलं नाही," म्हणतात. "डॉक्टर लोकांचं खूळ आहे," म्हणतात. म्हणून आज औषधाची यादी देत नाही, इतिहास सांगतो. हे 21 दिवस आले कुठून आणि त्यासाठी जगानं काय किंमत मोजली, ते कळलं की गोठ्यात वेगळा खुंटा ठोकायला कुणाला सांगावं लागणार नाही.

शेळी माणसाच्या दारात आली तेव्हा

शेळीचं मूळ डोंगरातलं. इराण-इराकच्या सीमेवर झाग्रोस नावाच्या डोंगररांगा आहेत. तिथल्या रानशेळीला माणसानं साधारण 10,000 वर्षांपूर्वी माणसाळवलं. इराणमधल्या गंज दरेह या ठिकाणी उत्खननात जुन्या मातीच्या विटा सापडल्या, त्यात काही विटांवर शेळीच्या खुरांचे ठसे उमटलेले आहेत. विटा वाळत घातल्या असतील आणि शेळ्या त्याच्यावरनं गेल्या असतील. आपण कोबा केला की दुसऱ्या दिवशी करडांचे पाय उमटलेले दिसतात, तसंच.

तिथल्या हाडांवरून अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट ओळखली. नर लहानपणीच कापलेले आणि माद्या म्हाताऱ्या होईपर्यंत राखलेल्या. म्हणजे बोकड विकायचा आणि शेळी वेतासाठी ठेवायची, हा आपला हिशोब तेव्हापासूनचाच आहे.

आपल्या महाराष्ट्रातही पुरावा आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात तिथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळातलं शेतकऱ्यांचं गाव तिथं सापडलं. गायीबैलांच्या हाडांबरोबर शेळ्यामेंढ्यांची हाडं निघाली. उत्खननात असलेले म. के. ढवळीकर यांनी असं मांडलं की शेवटच्या काळात पाऊसमान घटलं, शेती उतरली, मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शेळ्यामेंढ्यांच्या आधारानं अर्धं भटकं जगू लागले.

म्हणजे दुष्काळ पडला की शेळीकडं वळायचं, ही आपली 3,000 वर्षांची रीत झाली. 1972 च्या दुष्काळात बैल विकले, भांडी विकली, पण घरात एक शेळी राहिली म्हणून लेकरांना दूध मिळालं, असं सांगणारी माणसं आपल्या गावात अजून आहेत. शेळी ही नुसती जनावर नाही, ती अडल्या वेळेची पेटी आहे. म्हणून तिच्याबाबत घाई परवडत नाही.

फिरस्ती शेळी

शेळी काटक आणि लांबचा प्रवास करणारी. आगबोटींच्या काळात इंग्रज लोक प्रवासात दुधासाठी जहाजावर शेळ्या बांधायचे. उत्तर प्रदेशातल्या इटावा भागातली जमनापारी अशीच विलायतेला पोचली आणि तिथल्या शेळ्यांशी संकर होऊन अँग्लो-न्युबियन जात तयार झाली. तीच जमनापारी जावा बेटावरही गेली. तिथं आजसुद्धा तिच्या वंशाला इटावाच्या नावानंच ओळखतात.

पण एक लक्षात घ्या. परमुलखात शेळी टिकली ती पिढ्यान् पिढ्या तिथल्या पाल्याला, हवेला, रोगाला सरावत. आपल्या जातींची नावं बघा. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ. प्रत्येक नावात मुलूख आहे. उस्मानाबादी काळी शेळी आपल्या बाभळी-बोरीवर जगते आणि बऱ्याचदा जुळी देते. कोकण कन्याळ सिंधुदुर्गाच्या धो धो पावसात तग धरते. जातीला जमायला शेकडो वर्षं लागली. ट्रकमधनं उतरलेल्या एका शेळीला निदान तीन आठवडे तरी द्यायला नकोत का?

वेगळं ठेवण्याची अक्कल कशी आली

आता मुख्य मुद्दा. नव्याला वेगळं ठेवण्याची रीत आधी माणसांसाठी निघाली. युरोपात प्लेगनं माणसं मरत होती. तेव्हा 1377 साली डुब्रोव्हनिक या बंदराच्या शहरानं नियम केला. साथीच्या मुलखातनं येणाऱ्यानं 30 दिवस बाहेर थांबायचं, मगच शहरात यायचं. पुढं हे दिवस 40 झाले. व्हेनिसच्या भाषेत चाळीसला जो शब्द आहे, त्यावरून 'क्वारंटाइन' आला. कोरोनात आपण सगळ्यांनी जो शब्द ऐकला, तो साडेसहाशे वर्षं जुन्या नियमातला.

जनावरांच्या बाबतीत ही अक्कल बुळकांडीनं शिकवली. 1711 च्या सुमारास इटलीत बुळकांडी शिरली. पोपचे वैद्य लान्चिसी यांनी सांगितलं की आजारी जनावरं मारून टाका आणि जनावरांची ने-आण थांबवा. या साथींच्या धास्तीतूनच 1761 मध्ये फ्रान्सच्या लिऑन शहरात पहिलं पशुवैद्यकीय विद्यालय निघालं. 1865 साली इंग्लंडात हल बंदरावर बाहेरून जनावरं उतरली, लंडनच्या बाजारात गेली आणि तिथनं रोग देशभर पसरला. नव्या जनावरांचा एक कळप आणि एक बाजार, एवढंच निमित्त पुरलं. दुसऱ्याच वर्षी कायदा करून ने-आण बांधून टाकावी लागली, तेव्हा साथ हटली.

आपल्याकडंही बुळकांडीनं दावणी मोकळ्या केल्या. 1871 साली सरकारच्या आयोगानं या साथीवर अहवाल दिला. 1886 मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. 1889 मध्ये जनावरांच्या रोगांसाठी देशातली पहिली प्रयोगशाळा सुरू झाली ती आपल्या पुण्यात. पण जिवंत रोगजंतू भर वस्तीत ठेवणं धोक्याचं, म्हणून 1893 मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. बघा, रोगावर काम करणारी प्रयोगशाळासुद्धा वेगळी ठेवावी लागली. आज तीच भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था.

गायीबैलांवर शेळीचे उपकार

हा भाग फार कमी लोकांना माहीत आहे. 1920 च्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स नावाचे शास्त्रज्ञ बुळकांडीवर काम करत होते. त्यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतनं दुसऱ्या शेळीत, तिच्यातनं तिसरीत, असा पुढं पुढं नेला. तसं करता करता तो गायीबैलांसाठी सौम्य झाला. त्याच्यापासून लस झाली. 1954 साली देशानं बुळकांडी उखडायची मोहीम हाती घेतली, तेव्हा हीच शेळीतून आलेली लस कामाला आली. पुढं आणखी चांगल्या लसी आल्या. 1995 नंतर देशात बुळकांडीचा रोगी सापडला नाही आणि 2011 साली साऱ्या जगातनं हा रोग संपल्याचं जाहीर झालं. माणसानं मुळासकट संपवलेला जनावरांचा हा पहिला रोग. आपल्या बैलांच्या जिवाचं निम्मं ऋण शेळीचं आहे.

पण शेळीच्या वाट्याला काय आलं?

बुळकांडीचा एक भाऊबंद आहे, पीपीआर. आपल्याकडं त्याला शेळ्यांची बुळकांडीच म्हणतात. 1942 साली आफ्रिकेत आयव्हरी कोस्टला त्याची पहिली नोंद झाली. भारतात तो 1987 मध्ये तामिळनाडूतल्या आरासूर गावच्या मेंढ्यांत सापडला. लक्षणं सारखी, ताप, तोंडात फोड, नाकातनं शेंबूड, हगवण. त्यामुळं त्याआधी किती ठिकाणी त्याला बुळकांडीच समजलं गेलं असेल. 1994 पासून तो उत्तर भारतात शेळ्यामेंढ्यांत पसरला. पुढं मुक्तेश्वरच्याच शास्त्रज्ञांनी खास पीपीआरची लस तयार केली. 2015 साली आयव्हरी कोस्टच्याच आबिजान शहरात जगभरच्या प्रतिनिधींनी ठरवलं की 2030 पर्यंत हाही रोग संपवायचा.

आणि आता 21 दिवसांचं उत्तर. पीपीआर अंगात शिरल्यावर बहुतेक वेळा 4 ते 6 दिवसांत ताप येतो, कधी जास्त दिवस लागतात. आंतरराष्ट्रीय नियमात त्यासाठी 21 दिवस धरले आहेत. म्हणजे बाजारात टवटवीत दिसलेली शेळी आतनं रोग घेऊन आलेली असू शकते. दात बघून, कास बघून, अंग चाचपून तो कळत नाही. तो फक्त दिवस जाऊ दिले की कळतो. माझा एवढाच सांगावा आहे. नजरेला जे दिसत नाही ते दिवस दाखवतात.

आपल्या दारातले 21 दिवस

लहान घर, एक पत्र्याचं शेड, वेगळी जागा आणायची कुठनं, हा प्रश्न खरा आहे. त्यावर जमेल तेवढं असं करा.

जागा : शेडच्या लांबच्या टोकाला, झाडाखाली किंवा घराच्या दुसऱ्या अंगाला कोरडी जागा. नाकाला नाक लागू नये, पाणी आणि गव्हाण एक नसावी. चार काठ्या आणि ताडपत्री पुरते.

पहिला दिवस : प्रवासानं शेळी दमलेली, घाबरलेली असते. आधी सावली आणि स्वच्छ पाणी. मग वाळला चारा. पहिल्याच दिवशी कौतुकानं मका, ज्वारी, भरडा ओतू नका. पोटातले जंतू नव्या खाण्याला सरावायला दीड-दोन आठवडे घेतात. एकदम धान्य पडलं की पोट फुगणं, आम्लता, आंत्रविषार होतो आणि धडधाकट शेळी रात्रीत जाते. विकणाऱ्याला ती काय खात होती ते विचारा. जमलं तर तोच चारा एक-दोन पेंढ्या बरोबर आणा आणि हळूहळू आपल्या चाऱ्यावर न्या.

कामाचा क्रम : रोज आधी जुन्या शेळ्यांचं करायचं, शेवटी नव्यांचं. उलटं केलं की रोग आपल्याच हातापायानं जुन्यात जातो.

तपासणी : पहिल्या आठवड्यात लेंड्या दवाखान्यात दाखवा, त्याप्रमाणं जंताचं औषध द्या. गाभण शेळीला कुठलंही औषध विचारल्याशिवाय नको. गोचीड, खूर, डोळ्यांची आतली बाजू बघा, पांढरी फटक असेल तर अंगात रक्त कमी आहे. लसीचं जुनं काय झालंय ते विचारा, पण तोंडी हमीवर राहू नका, शेळी सावरली की डॉक्टरांना विचारून लस टोचून घ्या. जुन्या शेळ्यांचं लसीकरण तर नवी येण्याच्या दोन-तीन आठवडे आधीच झालेलं असावं.

एकत्र करणं : 21 दिवसांनी सोडताना बंद गोठ्यात सोडू नका. शेळ्यांत मान असतो, पहिल्या दिवशी शिंगं लागणारच. मोकळ्या रानात, चरताना एकत्र सोडा, म्हणजे हरणारीला पळायला जागा राहते. एकटीपेक्षा दोघी आणलेल्या बऱ्या, एकमेकींच्या सोबतीनं राहतात. आठवडाभर एक गव्हाण जास्तीची ठेवा.

शेवटचं

डुब्रोव्हनिकनं बंदरावर माणसं थांबवली, इंग्लंडनं कायद्यानं बाजार बंद केले. आपल्या वस्तीवर कुठलं सरकार येऊन उंबऱ्यावर थांबणार नाही. बाजारातली शेळी आणि आपली दावण यांच्यामध्ये एकच नाकं आहे, ते म्हणजे आपलं अंगण. आणि त्या नाक्यावर बहुतेक घरांत उभी असते ती बाईमाणूस, कारण शेळीचं पाणी, पाला, करडं सगळं तीच बघते. म्हणून हे तिला वाचून दाखवा, नुसतं खरेदीला जाणाऱ्या गड्याला नको.

साथ आली की मोठ्या बागायतदाराची पाच-दहा शेळ्यांची नोंद जाते. ज्या भूमिहीन बाईकडं दोनच शेळ्या आहेत, तिची पोराची फी जाते, गटाचा हप्ता जातो आणि पुन्हा मजुरीला दारोदार फिरणं येतं. 21 दिवस वेगळा खुंटा ठोकायला पैसे लागत नाहीत. तेवढं करा.

तुमच्या भागात जुनी माणसं नवं जनावर आणल्यावर काय करायची, ते सांगा. चांगलं असेल ते पुढच्या नोंदीत लिहीन.