मंदीत स्वतःचाच पगार सगळ्यात जास्त कापणारे केन आयव्हर्सन कोण होते?

१९८२ साली अमेरिकेतला पोलाद उद्योग मंदीने पार हादरला होता. मागणी आटली होती, कारखान्यांना टाळी लागत होती, कामगारांना घरी पाठवलं जात होतं. न्यूकोर या कंपनीने मात्र कुणालाच काढलं नाही. कामाचे दिवस आठवड्याला तीन-चारवर आणले आणि सगळ्यांचेच पगार कमी केले. कामगाराचा साधारण पाव हिस्सा गेला, विभागप्रमुखाचा त्याहून जास्त, वरच्या अधिकाऱ्यांचा तर अर्ध्याहून जास्त. कंपनीचे प्रमुख केन आयव्हर्सन यांची कमाई आदल्या वर्षीच्या जवळपास पाव हिस्स्यावर आली. त्रास वाटून घ्यायचा, आणि वरच्यांनी जास्त घ्यायचा, असा त्यांचा साधा हिशोब होता.

आयव्हर्सन यांचा जन्म १९२५ सालचा, इलिनॉय राज्यातला. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी नौदलात होते. नौदलाला तेव्हा शिकलेले अधिकारी हवे होते, म्हणून तरुणांना कॉलेजात पाठवायची योजना होती. तिच्यातून त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात विमान अभियांत्रिकी केली. युद्धानंतर पर्ड्यू विद्यापीठातून मेकॅनिकलची पदव्युत्तर पदवी घेतली. म्हणजे पदवी विमानाची, वर्दी जहाजाची आणि आयुष्य गेलं पोलादात!

१९६२ मध्ये ते न्यूक्लियर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीत आले. नाव भारदस्त असलं तरी कंपनी डबघाईला आलेली. फायद्यात चालणारा विभाग म्हणजे छतासाठी पोलादी तुळया बनवणारा व्हल्क्राफ्ट, आणि तोच आयव्हर्सन सांभाळत होते. १९६५ मध्ये दिवाळं निघायची वेळ आली तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. पुढे १९७२ मध्ये कंपनीचं नाव न्यूकोर झालं.

तुळयांसाठी पोलाद बाहेरून विकत घ्यावं लागायचं. मग ते आपणच का बनवू नये? १९६९ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनला न्यूकोरची छोटी गिरणी सुरू झाली. मोठे कारखाने लोहखनिज आणि कोक झोतभट्टीत घालून आधी लोखंड काढतात, मग त्याचं पोलाद करतात. इथे तो पहिला टप्पाच नव्हता. जुन्या गाड्या, यंत्रं यांचं भंगार विजेच्या भट्टीत टाकायचं आणि ग्रॅफाइटच्या दांड्यांतून वीज सोडून वितळवायचं. भांडवल कमी, माणसं कमी. बड्या कंपन्यांनी सुरुवातीला फारसं लक्ष दिलं नाही, कारण अशा भट्टीतून सळ्या आणि अँगल असा स्वस्त मालच निघायचा.

माणसांच्या बाबतीत आयव्हर्सन जास्तच हट्टी होते. कारखान्यात हेल्मेटच्या रंगावरून कोण साहेब ते कळायचं. त्यांनी कामगार-साहेब सगळ्यांना एकच हिरवा रंग दिला. देखभालवाल्यांना पिवळा ठेवला, तोही गरजेला ते चटकन सापडावेत म्हणून. साहेबांसाठी राखीव पार्किंग नाही, विमानात तिकीट इकॉनॉमीचंच. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाव छापलं जायचं.

बोनस दर आठवड्याला, आणि तो एकट्याचा नाही तर अख्ख्या टोळीच्या उत्पादनावर. तो कित्येकदा मूळ पगाराइतका व्हायचा. पण उशीर केला की त्या दिवसाचा बोनस गेला. हे सगळं गोडगोड होतं असं समजू नका. न्यूकोरमध्ये युनियन नव्हती, आणि कामगारांच्या सुरक्षिततेवरून कंपनीवर टीकाही झाली. वेगावर पैसे मिळत असतील तर हा प्रश्न येणारच.

सगळ्यात मोठी उडी १९८९ ची. गाड्या आणि फ्रिजला लागणारा सपाट पत्रा तोवर बड्या कंपन्यांचीच मक्तेदारी होती. ते ८ ते १० इंच जाडीची लादी ओतायचे आणि मग ती लाटत लाटत पातळ करायचे. जर्मनीच्या एसएमएस कंपनीने मुळातच सुमारे २ इंचाची लादी ओतायचं तंत्र तयार केलं होतं, पण व्यापारी पातळीवर ते कुणी वापरलं नव्हतं. आयव्हर्सन यांनी इंडियाना राज्यातल्या क्रॉफर्ड्सव्हिलमध्ये त्यावर अख्खा कारखाना उभारला. तंत्र फसलं असतं तर कंपनी मोठ्या संकटात सापडली असती. ते चाललं, आणि भंगारातून पत्राही निघू लागला. १९९१ मध्ये त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळालं.

२००२ मध्ये आयव्हर्सन यांचं निधन झालं. आज अमेरिकेतलं सुमारे ७० टक्के पोलाद विजेच्या भट्टीतून निघतं. आणि क्रॉफर्ड्सव्हिलला पहिल्यांदा चाललेलं ते पातळ लादीचं तंत्र आपल्या रायगड जिल्ह्यातल्या डोलवीच्या कारखान्यातही वापरलं जातं.