असीरगडाच्या छायेतील विलायती बंदूक

बऱ्हाणपुराहून खांडव्याकडे जाणाऱ्या वाटेवर निंबोल्याच्या परिसरात असीरगडाचा डोंगर नजरेत भरला, की ज्या शिबंदीच्या हाती त्याचे रक्षण सोपविलेले असे, तिच्या खांद्यावरील बंदुकीचा विचार माझ्या मनात अपरिहार्यपणे येतो. पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची होती ती तोड्याची बंदूक: लांब नळीची, दूरवर नेमका मारा करणारी आणि गावच्या लोहाराकडूनही दुरुस्त होणारी, मात्र पेटत्या जामगीवर अवलंबून असल्यामुळे पावसात निरुपयोगी, आणि रात्री तिचा निखारा शत्रूस ठिकाण सांगणारा. महादजी शिंद्यांच्या पदरी १७८४ साली आलेल्या युरोपीय सेनानी डी बॉइनने कवायती कंपू उभारले, तेव्हा विलायती धर्तीची चकमकी बंदूक पलटणींत रूढ झाली. घोडा पडताच गारगोटीची ठिणगी रंजकावर उडे, बार लवकर भरता येई, शिपायांना खांद्याला खांदा लावून उभे राहता येई. परंतु गारगोटी झिजे, ठिणगी चुके, आणि मोडलेली कमान बसविणारा कारागीर सर्वत्र मिळत नसे. म्हणून एकट्या शिलेदाराने जुनीच बंदूक जपली, यात मला अडाणीपणा नव्हे, अनुभवसिद्ध शहाणपण दिसते. शिंद्यांचा हा असीरगड १८०३च्या ऑक्टोबरात इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने घेतला. पुढे झालेल्या तहान्वये तो शिंद्यांकडे परतला, आणि १८१९च्या एप्रिलात किल्लेदार जसवंतराव लाडाने तो इंग्रजांच्या स्वाधीन केला. पुढे १८७८च्या कायद्याने बंदूक बाळगण्यास सरकारी परवाना आवश्यक ठरला.