मुठीवरचा दोरा

श्रोतेहो, कापणीच्या दिवसांत विळ्याची मूठ घासून गुळगुळीत झाली, तळहाताला घाम सुटला, की आपण काय करतो? जुन्या लुगड्याची एक चिंधी फाडतो, नाही तर सुतळीचे चार वेढे आवळून घालतो. नाही घातले तर विळा हातात फिरतो आणि थेट बोटावर येतो. ही गुंडाळी कुणी शाळेत शिकवलेली नाही. हाताला लागली, म्हणून हातानेच शोधली.

आज मी अशाच एका गुंडाळीची हकीगत सांगणार आहे. मात्र ती ज्या काठीवर असते ती काठी आपल्यापैकी फारच थोड्यांनी हातात धरली असेल. अमेरिकेत ‘पूल’ नावाचा एक खेळ आहे. हिरव्या कापडाने मढवलेलं लांबट टेबल, त्याला सहा खिसे, वर रंगीत चेंडू. हातभर नव्हे, चांगल्या पावणेपाच फूट लांबीच्या काठीने पांढऱ्या चेंडूला टोला द्यायचा आणि त्याच्या धक्क्याने दुसरा चेंडू खिशात घालायचा. या काठीला म्हणतात क्यू. क्यू हा शब्द फ्रेंच, त्याचा अर्थ शेपूट. आता काठीला शेपूट का म्हणावं? तर पूर्वी हा खेळ काठीने नव्हे, तर लाकडी ठोकळा बसवलेल्या दांड्याने खेळत. त्या ठोकळ्याने चेंडू ढकलायचा. चेंडू टेबलाच्या काठाला चिकटून राहिला, की ठोकळा तिथे पोचेना. मग खेळणारा दांडा उलटा करी आणि शेपटाकडच्या बारीक टोकाने चेंडू मारी. हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं, की शेपूटच बरं! ठोकळा गेला, शेपूट राहिलं.

ही काठी आपल्या देशाला अगदी परकी आहे असंही समजू नका. स्नूकर हा याच घराण्यातला खेळ, आणि तो जन्मला आपल्या जबलपुरात, 1875 साली, इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. पुढे याच घराण्यातल्या बिलियर्डसमध्ये पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कलकत्त्याला हौशी खेळाडूंचे जगज्जेते झाले. 1964 साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी तो मान पुन्हा मिळवला. पण इथे एक गंमत आहे. इंग्रजी वळणाच्या क्यूला मुठीवर काहीच गुंडाळलेलं नसतं. नुसतं घोटलेलं लाकूड. आपल्याकडे खेळ इंग्रजांबरोबर आला, म्हणून आपल्याकडची काठीही उघड्या मुठीची. गुंडाळी आहे ती अमेरिकन काठीला. जाड बाजूकडे सुमारे एक फूट जागेत. आणि ती कशाची असावी, यावर तिथले खेळाडू तासन् तास वाद घालतात.

वाद पोरकट वाटतो ना? मलाही आधी तसंच वाटलं. पण त्यातलं मर्म समजून घेतलं पाहिजे. डावा हात टेबलावर ठेवून त्याच्या बोटांवरून काठी सरकवायची, आणि उजव्या हाताने ती मागून झुलवायची. हा मागचा हात काठी आवळून धरत नाही. चिमणीचं पिल्लू धरावं तसा धरतो. जोर लावला की मनगट वळलं, मनगट वळलं की टोक केसभर सरकलं, आणि टोक केसभर सरकलं की चेंडू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत चार बोटं चुकला. म्हणजे मूठ निसरडी असेल तर माणूस भीतीने आवळून धरतो, आणि चिकट असेल तर काठी हातात मोकळी झुलत नाही. निसरडी नको, चिकटही नको. सगळा वाद घामाचा आहे, श्रोतेहो.

कातडं घ्यावं, तर ते हाताला ऊबदार लागतं, पकड भक्कम देतं, ओल्या फडक्याने पुसून घेता येतं. ज्याचा तळहात कोरडा त्याला कातडं मानवतं. घामट हाताखाली मात्र ते काहींना बुळबुळीत वाटतं, कारण ते घाम पटकन पिऊन टाकत नाही. बुचाच्या झाडाची साल हलकी आणि मऊ, पण ठिसूळ. तिचा कपचा निघतो. नायलॉनचा दोरा स्वस्त आणि टिकाऊ. पण पाणी शोषण्याच्या कामी तो आळशी. आणि मग उरतो तो तागासारखा दिसणारा एक बारीक दोरा, ज्याला अमेरिकन कारागीर ‘आयरिश लिनन’ म्हणतात. घामट हाताचा खेळाडू बहुधा तोच मागतो. तो घाम पितो आणि पृष्ठभाग कोरडा ठेवतो.

लिनन म्हणजे काय, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या श्रोत्यांना सांगायला मला संकोच वाटतो, कारण ते त्यांच्या शेतातच आहे. जवस! तेच निळ्या फुलांचं झाड, जिला कुठे अळशी म्हणतात, जिची चटणी भाकरीबरोबर आपण खातो. आपण ते बियांसाठी आणि तेलासाठी पेरतो. आपल्या जाती बुटक्या, फांद्या फार. थंड, दमट मुलखात त्याच झाडाच्या उंच, सरळ वाढणाऱ्या जाती दाट पेरतात. मग बी नव्हे, खोडाची साल महत्त्वाची. पीक विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात. कारण धागा जितका लांब तितका मोलाचा. उपटलेल्या पेंढ्या डबक्यात कुजत घालतात. आपण अंबाडी घालतो ना, अगदी तशाच. वासही तसाच.

या धाग्याचा एक गुण विलक्षण आहे. लोकर, रेशीम भिजले की कमजोर होतात. जवसाचा धागा भिजला की आणखी बळकट होतो. म्हणून तर समुद्रात गळ टाकणाऱ्यांनी तो उचलला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कटीहंक नावाचं एक बेट आहे. मोठे मासे धरण्याच्या हौशी लोकांनी तिथे 1864 साली एक मंडळ काढलं, आणि लिननच्या घट्ट पिळाच्या दोरीला त्या बेटाचंच नाव पडलं. ही मासेमारीची दोरीच पुढे क्यूच्या मुठीवर चढली. खाऱ्या पाण्यात जी टिकते ती खाऱ्या घामात टिकणारच, हा सरळ हिशेब!

पण दोरा येई कुठून? उत्तर आयर्लंडमधून. बेलफास्ट आणि शेजारचं लिस्बर्न ही या धाग्याची माहेरघरं. लिस्बर्नला जॉन बार्बर या गृहस्थाने 1784 साली दोऱ्याचा कारखाना काढला. पुढे हिल्डन इथली त्या घराण्याची गिरणी जगभर दोरा पाठवू लागली. ती बंद पडली 2006 साली. मधल्या काळात या धंद्याला मोठी भरती आली ती 1861 ते 1865 या वर्षांत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला. इतिहासाच्या शिक्षकांना हे साल ओळखीचं वाटेल. त्याच चार वर्षांत आपल्या वऱ्हाडच्या आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि 1865 साली ओसरला. इकडे कापसाने पेढ्या उभ्या केल्या आणि बुडवल्या, तिकडे त्याच टंचाईने बेलफास्टच्या गिरण्यांची धुराडी वाढवली. एकाच युद्धाची ही दोन टोकं; वर्गात नकाशावर दोन बोटं ठेवून दाखवता येतील.

त्या गिरण्यांत काय चाले, तेही सांगितलं पाहिजे. बारीक सूत काढायचं तर जवसाचा धागा कढत पाण्यातून ओढावा लागतो. ओलं कातण्याची मूळ युक्ती जेम्स के याने 1825 साली काढली. युक्ती नामी, पण तिने कातणीचे कारखाने म्हणजे वाफेच्या खोल्या झाल्या. जमिनीवर पाणी, हवेत पाणी. कातणाऱ्या बहुतेक बायका आणि मुली. त्या अनवाणी उभ्या राहून काम करीत. पाय सतत ओल्यात राहून नखं सुजत, पिकत. धागा विंचरण्याच्या खोल्यांत उलट कोरडी धूळ, ती छातीत बसे. आणि तिथे ‘अर्धवेळ्या’ मुली असत. एक दिवस गिरणी, एक दिवस शाळा. विसावं शतक उजाडलं तेव्हाही बाराव्या वर्षी मूल गिरणीत जाऊ शके. शिक्षक मित्रांनो, सुगीत तुमच्या वर्गातली बाकं रिकामी होतात, तेव्हा तुम्हाला वेगळं काय सांगायचं? आदल्या दिवशी दहा-दहा तास वाफेत उभी राहिलेली मुलगी दुसऱ्या दिवशी बाकावर बसून काय शिकत असेल, हे तुम्हीच जाणता. खेळाडूच्या हाताचा घाम टिपणारा दोरा घामातूनच निघत होता.

आता एका मुठीला हा दोरा किती लागतो? मुलांना गणित म्हणून घाला. मुठीचा व्यास सव्वा इंच धरा, म्हणजे घेर जवळजवळ चार इंच. गुंडाळी बारा इंच लांब, आणि इंचात तीस फेरे. झाले तीनशे साठ फेरे. प्रत्येक फेऱ्याला चार इंच म्हणजे चौदाशे चाळीस इंच, अर्थात एकशे वीस फूट दोरा! आणि तो असा बसला पाहिजे, की बोट फिरवलं तर लाकूड कुठे संपलं आणि दोरा कुठे सुरू झाला ते कळू नये. त्यासाठी लाकडात दोऱ्याच्या जाडीइतकी उथळ खाच काढतात. चरकावर काठी हळू फिरवत फेऱ्याला फेरा भिडवतात. शेवटचं टोक फेऱ्यांच्या पोटाखालून ओढून दडवतात. गाठ कुठेच नाही. मग ओलसर करून, खळ देऊन, घासून दाबतात, तेव्हा तो रेशमासारखा सपाट होतो. काही खेळाडूंना असा दाबलेला आवडतो, काहींना खरखरीत.

या कामात नाव झालं ते जॉर्ज बालाबुष्का यांचं. रशियात 1912 साली जन्मलेला हा मुलगा 1924 साली अमेरिकेत आला आणि सुतारकामात वाढला. 1959 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात त्यांनी मित्रांना भेट द्यायला काही क्यू बनवले. 1975 साली वारले, तोवर त्यांच्या हातून हजार-बाराशे क्यू तयार झाले असतील. बहुतेकांच्या मुठीवर आयरिश लिननच. कोर्टलंड या मासेमारीच्या दोऱ्या करणाऱ्या कंपनीचा दोरा, पांढरा, त्यावर हिरवे ठिपके. लक्षात घ्या, तोवर मासे धरणारे लोक लिनन सोडून चालले होते. नायलॉन 1938 साली जाहीर झालं आणि महायुद्धानंतर गळाच्या दोरीत शिरलं. ते कुजत नाही, रोज वाळत घालावं लागत नाही. कोळ्याला तर हेच हवं. आपल्या कोळीवाड्यांतही सुती जाळ्यांच्या जागी नायलॉनची जाळी आली ती याच कारणाने. पाण्यात राहणाऱ्या दोरीने पाणी पिऊ नये, हा तिचा गुण. आणि मुठीवरच्या दोऱ्याने पाणी प्यावं, हा त्याचा. म्हणून कोळ्याने जो दोरा टाकला तो खेळाडूने धरून ठेवला. आज लिननसारखी दिसणारी कृत्रिम दोरीही मिळते आणि पुष्कळ स्वस्त क्यूंवर तीच असते. पाण्याचा थेंब टाकला की फरक कळतो.

लिननचा एक दोष मात्र आहे, आणि तो त्याच्या गुणातूनच येतो. जे घाम पितं ते मळही पितं. काही वर्षांनी मूठ काळवंडते, गुळगुळीत होते, आणि पुन्हा हात घसरू लागतो. मग खेळाडू काठी कारागिराकडे नेतो. कारागीर एका जागी सुरीने दोरा छेदतो आणि टोक धरून ओढतो. चरक फिरतो, एकशे वीस फूट काळा दोरा जमिनीवर पडतो, आणि खाली खाचेतलं लाकूड पहिल्या दिवसासारखं पांढरं निघतं.