राहण्या-जेवणाची सोय आणि बहुजनांचे शिक्षण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातल्या सरकारी शाळा कागदोपत्री सर्वांना खुल्या होत्या. प्रत्यक्षात काय होते, हे धारवाडच्या एका प्रकरणाने १८५६ मध्येच उघड केले होते. एका महार मुलाने तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. बाकीची मुले शाळा सोडून जातील या भीतीने सरकारने त्याला दाद दिली नाही. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत जातीवरून कोणाला अडवू नये, असे धोरण त्यानंतर जाहीर झाले, पण वर्गातले चित्र फारसे बदलले नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारी तिजोरीत शेतकऱ्याचा पैसा जातो आणि त्यातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालते, ही त्यांची मुख्य तक्रार होती. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, मागास जातींच्या मुलांना शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि जिथे महार-मांगांची वस्ती मोठी आहे तिथे त्यांच्यासाठी शाळा काढाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. आयोगाने ऐकून घेतले. सक्ती मात्र आली नाही.

प्रवेशाइतकीच मोठी, पण कमी बोलली जाणारी अडचण अंतराची होती. गावात फार तर तिसरी-चौथीपर्यंतची शाळा असे. इंग्रजी शाळेसाठी तालुक्याला, मॅट्रिकसाठी जिल्ह्याला आणि पुढे पुणे-मुंबईला जावे लागे. गरीब ब्राह्मण मुलासाठी जुनी व्यवस्था होती. तो आठवड्याचे वार लावून सात घरी जेवे, माधुकरी मागे, एखाद्या वाड्याच्या ओसरीवर वळकटी पसरून झोपे. खडतर असले तरी त्यावर कित्येक पिढ्या शिकून गेल्या. कुणब्याच्या, धनगराच्या किंवा महाराच्या मुलाला शहरात कोणी वार देत नव्हते. फी माफ झाली तरी रात्री पाठ टेकायची कुठे आणि दोन वेळा खायचे काय, हा प्रश्न तसाच उरे. सरकारी प्रयत्नांचा पुढचा इतिहास पाहिला, तर या एका प्रश्नाला ज्यांनी हात घातला त्यांच्याच योजना मुळापर्यंत पोचलेल्या दिसतात.

कोल्हापूर संस्थानात तो हात घातला गेला. शाहू छत्रपतींनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला तेव्हा दरबारच्या ७१ वरिष्ठ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते आणि ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर फक्त दहा. शिकलेली माणसेच दुसऱ्या जातींत नाहीत, हे त्यावर तयार उत्तर होते. महाराजांनी १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले वसतिगृह काढले. काही वर्षांतच तिथे जवळजवळ एकाच जातीचे विद्यार्थी उरले. मागे कोणाचा आधार नसलेली खेड्यातली मुले तिथे टिकत नव्हती.

यातून महाराजांनी घेतलेला धडा वादग्रस्त होता, पण परिणामकारक ठरला. पां. चि. पाटील हा मराठा विद्यार्थी मॅट्रिक झाला, तेव्हा दरबारातून त्याची विचारपूस झाली. मराठ्यांची मुले पुढे का येत नाहीत, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर सरळ होते: खेड्यातल्या मुलाला कोल्हापुरात राहायला जागा नाही. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि मग प्रत्येक समाजाने आपले वसतिगृह काढावे, दरबार जागा, इमारत आणि वार्षिक मदत देईल, अशी रीतच पडली. जैनांचे बोर्डिंग त्याच वर्षीचे. मुसलमानांचे १९०६ मध्ये, वीरशैवांचे १९०७ मध्ये, अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ मध्ये. पुढे शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, कायस्थ प्रभू, ख्रिस्ती, ढोर-चांभार, नाभिक, सुतार अशा समाजांची वसतिगृहे उभी राहिली. महाराजांच्या अखेरीपर्यंत कोल्हापूर हे वसतिगृहांचे शहर झाले होते. मिस क्लार्क ही मुंबईच्या तत्कालीन गव्हर्नरांची कन्या. अस्पृश्यांच्या वसतिगृहाला तिचे नाव देण्यात धोरण असावे. गव्हर्नरांच्या घरचे नाव असलेल्या संस्थेला उघड विरोध करणे स्थानिक मंडळींना जड गेले असते.

जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेद पक्का केला, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. पण त्या काळात एका पंगतीला बसायला कोणी तयार नव्हते. सर्वांसाठी खुले म्हटलेले वसतिगृह काही वर्षांत कोणाचे होते, हे अनुभवाने कळले होते. शिवाय जातीच्या पुढाऱ्याने आपल्या मुलांसाठी गावोगाव फिरून धान्य आणि वर्गणी गोळा केली की दरबारच्या मदतीत भर पडे. मराठा बोर्डिंगमध्ये इतर बहुजन जातींची मुलेही राहत होती, हेही विसरता येत नाही. कोल्हापूरबाहेर, उदाहरणार्थ नाशिकला, उभ्या राहिलेल्या वसतिगृहांनाही महाराजांचे साहाय्य मिळाले.

राहण्याची सोय झाली, तरी शिकून करायचे काय? २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा या प्रश्नाला भिडतो. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज इंग्लंडला गेलेले असताना तो निघाला. त्यातला युक्तिवाद फार मोलाचा आहे. सर्व थरांत शिक्षण वाढावे म्हणून प्रयत्न केले, पण मागासवर्गांत अपेक्षित फळ आले नाही, कारण उच्च शिक्षणाचा मोबदला मोजक्यांनाच मिळतो, असे तो सांगतो. म्हणून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान निम्म्या मागासवर्गीयांना द्याव्यात, ज्या खात्यात त्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी आणि खातेप्रमुखांनी दर तिमाहीला तसा अहवाल द्यावा, असे ठरले. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सारे मागासवर्गीय, अशी व्याख्या होती. आरक्षणाच्या आजच्या चर्चेत हा आदेश फक्त नोकरीचा म्हणून सांगितला जातो. मूळ मजकुरात नोकरी हे शिक्षण वाढवण्याचे साधन आहे.

प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीत पहिला मान बडोद्याचा. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ मध्ये ती राज्यभर लागू केली. अंत्यजांच्या शाळा तिथे १८८० च्या दशकातच निघाल्या होत्या. त्यांत शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक मिळत नसत, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे पंजाबातून आलेले आर्यसमाजी पंडित आत्माराम यांच्याकडे त्या शाळांची देखरेख आली. ब्रिटिश हिंदुस्थानात गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले आणि पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. कोल्हापूरने १९१७ मध्ये कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. तेव्हाच्या मजुरीच्या मानाने ही रक्कम किरकोळ नव्हती. इमारती नव्हत्या, म्हणून देवळे, चावड्या आणि धर्मशाळांतून वर्ग भरू लागले. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम सुटला. कुलकर्णी वतने रद्द होऊन पगारी तलाठी नेमायचे ठरल्याने गावपातळीवरही बहुजन शिकलेल्या मुलांना वाट मोकळी झाली.

कोल्हापूरच्या बोर्डिंगांतून निघालेला सर्वांत दूरगामी धागा भाऊराव पाटलांचा. जैन बोर्डिंगमध्ये राहणारे भाऊराव मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आले आणि परतल्यावर विटाळ फेडायला अंघोळ करीनात, म्हणून त्यांना बाहेर काढण्यात आले. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२४ मध्ये साताऱ्याला आणलेल्या त्यांच्या वसतिगृहात महार, मराठा, मुसलमान, जैन मुले एकत्र राहत, आळीपाळीने स्वयंपाक करत, शेतात खपून खर्च भागवत. १९२७ मध्ये गांधीजींनी त्या वसतिगृहाला भेट दिली तेव्हा त्याला शाहू छत्रपतींचेच नाव दिले गेले. कोल्हापुरात जे एका पंगतीत बसवणे जमले नव्हते ते साताऱ्यात जमले. त्यासाठी मधली वीसेक वर्षे जातवार वसतिगृहांतून शिकलेली पिढी लागली, असे म्हणायला जागा आहे.

मुंबई इलाख्याचे सरकार सावकाश हलले. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. तरीही महाडच्या चवदार तळ्यावर पाणी घेण्यासाठी अस्पृश्यांना सत्याग्रह करावा लागला, त्याने त्या ठरावाची गावातली किंमत दाखवून दिली. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले. पुढे विधिमंडळात गेल्यावर त्यांनी अशा वसतिगृहांसाठी सरकारी अनुदानाचा पाठपुरावा केला. मागास जाती आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली गेली. त्यात आंबेडकर, पी. जी. सोळंकी आणि ठक्कर बाप्पा होते. समितीचा कल एकत्र शाळांकडे होता आणि शिष्यवृत्त्या व वसतिगृहे वाढवण्यावर तिचा भर होता.

निर्णायक बदल १९४४ मध्ये झाला. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद होती. फी भरून उरणारा निर्वाह भत्ता हा तिचा गाभा होता. स्वातंत्र्यानंतर ती अनुसूचित जमातींनाही मिळू लागली आणि आजही तीच योजना मागासवर्गीय विद्यार्थ्याच्या कॉलेजचा कणा आहे. १९५० मध्ये औरंगाबादला उभ्या राहिलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या वसतिगृहांनी या शिष्यवृत्तीला छप्पर दिले. निजामी मराठवाड्यातली मुले पायी, बैलगाडीने, मिळेल त्या गाडीने तिथे आली. पुढच्या दलित साहित्यातली कितीतरी नावे नागसेनवनाच्या, म्हणजे या महाविद्यालयाच्या आवारातल्या, त्या खोल्यांतून आलेली आहेत.

१९५९ पासून यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांसाठी ई.बी.सी. सवलत दिली. जातीऐवजी उत्पन्नाची मर्यादा लावणारी ही सवलत शेतकऱ्यांच्या लाखो मुलांना कॉलेजपर्यंत घेऊन गेली. मात्र ती फीपुरती होती. खानावळीचे बिल घरच्या ज्वारीवर आणि मामाच्या मनिऑर्डरीवर चाले. आदिवासी भागात ठक्कर बाप्पांच्या भिल्ल सेवा मंडळासारख्या संस्थांनी दाखवलेली वाट सरकारने सत्तरच्या दशकात उचलली. शाळा आणि निवास एकाच आवारात असलेल्या आश्रमशाळा डोंगरपट्ट्यांत निघाल्या. मुलींच्या वसतिगृहांना या साऱ्या इतिहासात फार उशिरा जागा मिळाली आणि ही मोठी उणीव आहे. कोल्हापूरच्या सुरुवातीच्या बोर्डिंगांत मुलींचा विचारच नव्हता.

सरकारी वसतिगृहांची संख्या वाढली तरी अर्जदार त्याहून वेगाने वाढले. समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहात नंबर लागला नाही, तर शहरात खोली भाड्याने घेऊन शिकणे गरीब घराला परवडत नाही. म्हणून २०१६-१७ पासून महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी रक्कम थेट खात्यात मिळते, मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना त्याच धर्तीवर आहे. पण खोलीचे भाडे महिन्याच्या सुरुवातीला द्यावे लागते आणि हप्ता वर्षाच्या मध्यावर किंवा शेवटी जमा झाला तर पहिल्या सत्राची खानावळ उधारीवर चालवावी लागते. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) मोर्चे निघतात ते बहुधा याच एका मागणीसाठी: भत्ता सत्राच्या सुरुवातीला मिळावा.